शून्याचं टोक

माझं काम सोपं होतं.
फितीचं शून्याचं टोक धरून उभं राहायचं.
मागपंताय साहेब दुसरं टोक घेऊन
गवतातून चालत जायचे
आणि लांबून आकडा ओरडायचे.
बावीस वर्षं मी शून्य धरलं अंगठ्याखाली.
मुंग्या चावल्या तरी हललो नाही.

नदीचं नाव मालिनाव. आमच्या भाषेत, नितळ.
नावाला काय,
साखर कारखान्याची मळी सुटली
की मासे पोट दाखवायचे.
कारखाना सोल्दावियांचा.
आजा कारखानदार, बाप गव्हर्नर,
नातू मनिलात खासदार, नातसून इथे महापौर,
आणि मेव्हण्याकडे सिमेंट.
एवढ्या मोठ्या घराला
एक नदी कुठे पुरणार?

त्या वर्षी साहेब फीत न आणता
कागद घेऊन आले.
पूरभिंत. सातशे चाळीस मीटर. शंभर टक्के पूर्ण.
खाली मोजणीचा साक्षीदार म्हणून माझी जागा,
पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली.
मी काठाकडे बघितलं.
काठावर एक रेडा होता आणि एक फलक.
साहेब म्हणाले, इसागानी, भिंत येतेय मागून,
आधी कागद जातो.
मग जरा थांबून,
तुझी मुलगी नर्सिंगला आहे ना?

पाकीट घरी उघडलं, दार लावून.
फ्रिज घेतला, पांढरा.
रेमेडियोस तो रोज पुसायची,
म्हणायची, देव भलं करो तुझ्या साहेबाचं.
त्यातलं गार पाणी माझ्या घशाखाली उतरायचं,
पण थांबत थांबत.

पाणी कुठेतरी मुरतं, म्हणतात.
आमच्याकडे ते मुरलं नाही.
आलं. रात्री दोनला.
कागदावर भिंत होती
बरोबर तिथून.

फ्रिज तरंगला. दार उघडं,
आतला दिवा विझलेला,
खुर्च्यांच्या मागोमाग अंगणातून निघून गेला.
रेमेडियोस त्याला हाका मारत होती, माणसाला माराव्यात तशा.
शेजारच्या आलिंग पासिंगचे पाय दोन वर्षांपूर्वीच गेलेले.
तिला न्यायला होडी नव्हती.
मग आम्ही फलक उपटला.
पत्रा जाड, चौकट सागवानी, काम एकदम पक्कं.
महापौरबाईंच्या हसऱ्या गालावर बसून
म्हातारी शाळेच्या गच्चीला लागली.
सोल्दावियांनी दिलेली
आणि कामी आलेली
तेवढी एक वस्तू.

चिखल वाळल्यावर शाळेच्या क्रिसान्ताबाई आल्या.
हातात तोच कागद.
सही तुमची?
हो म्हटलं.
त्या रागावतील म्हणून मी खाली बघत राहिलो.
त्यांनी विचारलं, फीत आहे का?

फीत होती. पन्नास मीटरची, गंजून अडकणारी.
मी शून्य धरलं.
बाई चिखलातून चालत गेल्या,
लांबून ओरडल्या, पण मोजू काय? इथे काहीच नाही!
मी ओरडलो, तेच मोजा. मोठ्याने सांगा.

पन्नास, त्या म्हणाल्या.
मी पुढे सरकलो. पुन्हा पन्नास.
पोरं मागून येत होती, वहीत लिहीत होती,
एकाने पायात दोन वेगवेगळ्या चपला घातलेल्या.
चौदा वेळा पन्नास. वर चाळीस.
चाळीसला फीत अडली.

समोर कारखान्याचं कुंपण.
उंच, काँक्रीटचं, नवं, कोरडं.
पाण्याची रेघसुद्धा नाही अंगावर.
आतून कुत्रा भुंकला. मग पहारेकऱ्याची शिट्टी.

हीसुद्धा मोजायची? बाईंनी हळूच विचारलं.

माझा अंगठा चिखलाने बुळबुळीत झाला होता.
सदऱ्याला पुसला.
शून्य भिंतीच्या कोपऱ्याला लावलं,
दाबून धरलं.
चला, म्हटलं.